धावणाऱ्याच्या मनगटावर कोणते घड्याळ असावे?

पोहणे, सायकल चालविणे व धावणे ह्या तीन गोष्टी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील मुलांस कोणी नव्याने शिकवावयास हव्यात असे नाही. तापीकाठच्या गावांतील मुले लहानपणीच पाण्यात उतरतात. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर सायकल हे शाळेत येण्याचे नित्याचे वाहन आहे. आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत तर चढउतार हा रोजचाच व्यवहार होय. ह्या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता, करावयाच्या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात, आणि अलीकडे आमच्या काही विद्यार्थ्यांस तिची गोडी लागली आहे. हे पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु त्या गोडीच्या पाठोपाठ एक मागणीही घरोघरी जाऊन पोचली आहे. ती मागणी मल्टिस्पोर्ट घड्याळाची होय. 'घड्याळावाचून सराव होत नाही असे मुलगा म्हणतो; तर कोणते घ्यावे?' असे पालक आम्हांस विचारतात. ह्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या फाटकात उभ्याउभ्या देता येण्याजोगे नाही, म्हणून ह्या अंकात त्याचा सविस्तर विचार करण्याचे योजिले आहे.

प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो, पण तो लहान नाही. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील लोकसंख्येपैकी शेकडा सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. दिवाळी आटोपली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेची वाट धरतात. मिरचीच्या हंगामात कित्येक आया पथाऱ्यांवर दिवसभर मिरची निवडतात. अशा घरातील मुलाने पाचपंचवीस हजारांच्या घड्याळाचा हट्ट धरला, तर बापाने कर्ज काढावे की मुलाचे मन मोडावे, असा पेच उभा राहतो. याहून वाईट गोष्ट अशी की, घड्याळ नाही म्हणून एखादा होतकरू मुलगा आपण ह्या खेळास अपात्र आहो असे समजून मुकाट्याने बाजूस सरतो. हा समज खोटा आहे हे दाखविणे, व ज्यास खरोखरीच घड्याळ घ्यावयाचे आहे त्यास ते डोळे उघडे ठेवून कसे घ्यावे हे सांगणे, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या शर्यतीचा थोडा इतिहास पाहू. ट्रायथलॉन ह्या नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहराच्या मिशन बे येथे झाली. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांत 'आयर्नमॅन' नावाची अतिदीर्घ शर्यत प्रथमच भरली. तीत सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धावणे असे तीन टप्पे होते. पंधरा जणांनी ती आरंभिली व बारा जणांनी पुरी केली. आजची भारी घड्याळे ज्या उपग्रहांच्या आधारे अंतर मोजतात, त्या मालिकेतील पहिला उपग्रह अमेरिकेने त्यानंतर चारच दिवसांनी, म्हणजे २२ फेब्रुवारी १९७८ रोजी, आकाशात सोडला. अर्थात ज्या बारा जणांनी ती शर्यत पुरी केली, त्यांच्यापैकी एकाच्याही मनगटावर असले घड्याळ असणे शक्य नव्हते. इ. स. २००० मध्ये सिडनी येथे ह्या खेळास ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. तेथील अंतरे दीड किलोमीटर, ४० किलोमीटर व १० किलोमीटर अशी आहेत. शिकाऊ मुलांस योग्य अशी लहान शर्यत याच्या निम्मी, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर एवढी असते.

आपल्याकडेही हा खेळ आता परका राहिलेला नाही. तरुणपणी राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू असलेले श्री. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, झुरिच येथील आयर्नमॅन शर्यत सोळा तासांच्या मुदतीच्या आत पुरी केली. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत प्रथम झाली. आणि २०२५ साली उत्तराखंडात भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत महाराष्ट्राच्या डॉली पाटील हिने स्त्रियांच्या ट्रायथलॉनमध्ये सुवर्णपदक मिळविले. आमच्या शाळांतील मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता घड्याळाकडे वळू. येथे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, पूर्वीचे लोक घड्याळाशिवायच धावले, तेव्हा हे सारे थोतांड आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, यंत्र नसेल तर सराव म्हणजे नुसती धावपळ. आम्हांस ही दोन्ही मते एकांगी वाटतात. पहिल्या पक्षास आम्ही फिनलंडच्या पावो नूर्मी ह्या थोर धावपटूची आठवण देऊ. हा गृहस्थ हातात साधे स्टॉपवॉच घेऊन धावत असे व फेरीफेरीस त्याकडे पाहून आपली गती सारखी राखीत असे. १० जुलै १९२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याने १,५०० व ५,००० मीटर ह्या दोन्ही शर्यती एकाच दिवशी जिंकल्या. म्हणजे वेळ मोजून धावणे ही काही आजची थेरे नव्हेत. परंतु दुसऱ्या पक्षानेही हे ध्यानात घ्यावे की, नूर्मीच्या हातातील ते घड्याळ केवळ वेळ दाखवीत होते. अंतर, नाडी किंवा झोप यांचा हिशेब ते ठेवीत नव्हते. तो हिशेब तो स्वतः ठेवीत होता.

वेळ मोजल्याने नेमका कोणता लाभ होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. चारशे मीटरच्या धावपट्टीवर पाच किलोमीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. दर फेरीस दोन मिनिटे लागली तर पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत होतात. नवशिक्या मुलगा पहिली फेरी एक मिनिट चाळीस सेकंदांत मारतो, व शेवटच्या फेऱ्यांस त्यास दोन मिनिटे वीस सेकंद लागतात. त्यास विचारावे तर तो म्हणतो, 'मी सारखाच धावलो'. त्याच्या मनास जे कळत नाही ते घड्याळ सांगते. आरंभी हात आखडता घेण्याची ही शिस्त ट्रायथलॉनमध्ये फार मोलाची आहे, कारण सायकलवर ज्याने सारी शक्ती उधळली त्याचे पाय धावण्याच्या वेळी साथ देत नाहीत.

तेव्हा घड्याळ हवे. पण ते केवढे हवे? आमचे मत असे की, पहिल्या वर्षी साधे आकडी घड्याळ पुरते. त्याची लक्षणे पुढीलप्रमाणे. आकडे ठळक असावेत, म्हणजे धावता धावता नजर टाकताच दिसतील. बटणे ओल्या बोटांनीही दाबली जातील अशी असावीत. पट्टा तुटला तर बदलता यावा व सेल संपला तर घड्याळजीकडून घालून घेता यावा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्याच्या स्टॉपवॉचमध्ये फेऱ्यांच्या वेळा लक्षात ठेवण्याची सोय असावी. इंग्रजीत हिला लॅप मेमरी म्हणतात व घड्याळाच्या माहितीपत्रकात ती लिहिलेली असते. १९८६ साली टाइमेक्स कंपनीने ह्याच खेळाडूंसाठी म्हणून जे 'आयर्नमॅन' घड्याळ काढले, त्यात आठ फेऱ्यांच्या वेळा राहत असत. आता हिशेब करून पाहा. ट्रायथलॉनचे भाग किती? पोहणे, पाण्यातून येऊन सायकलीवर बसणे, सायकल, सायकल ठेवून धावावयास निघणे, आणि धावणे. असे एकंदर पाच. एका भागाच्या शेवटी एकदा बटण दाबले की पाचही वेळा हाती येतात. म्हणजे आठ फेऱ्या लक्षात ठेवणारे साधे घड्याळ संपूर्ण शर्यतीस पुरून तीन घरे शिल्लक उरतात.

साध्या घड्याळांतही पारख करावी लागते. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ सालापासूनचे घड्याळ सर्वांच्या ओळखीचे आहे. ते स्वस्त व टिकाऊ आहे. पण त्याच्या स्टॉपवॉचमध्ये फेऱ्यांची नोंद राहत नाही आणि ते पोहण्यासाठी केलेले नाही. पाण्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. घड्याळावर ३० मीटर असे लिहिले असता ते तीस मीटर खोल नेता येते असे लोक समजतात. वास्तविक तो आकडा कारखान्यात स्थिर दाबाखाली केलेल्या परीक्षेचा असतो. ३० मीटरचे घड्याळ पावसाच्या सरीपुरते समजावे. पोहावयाचे तर निदान ५० मीटरचे, व शक्य तर १०० मीटरचे घ्यावे. पाण्याखाली असता बटणे दाबू नयेत.

'पण ह्या घड्याळास अंतर कळत नाही, नाडी कळत नाही, त्याचे काय?' असा आक्षेप येईल. अंतर रस्त्यावर लिहिलेले आहे. हमरस्त्याच्या मैलकुसवांवर, म्हणजे आताच्या किलोमीटरच्या दगडांवर, भरवसा ठेवण्यास हरकत नाही. पाच किलोमीटर पंधरा मिनिटांत गेले तर गती ताशी वीस किलोमीटर झाली, हे पाचवीतल्या मुलासही काढता येते. जेथे पोहण्याचा तलाव उपलब्ध असेल तेथे त्याची लांबी लिहिलेली असते. पंचवीस मीटरच्या तलावात तीस वेळा लांबी कापली की ७५० मीटर झाले. मोजणी चुकू नये म्हणून काठावर खडे मांडून फेरीगणिक एक खडा सरकवावा. नाडीचे म्हणाल तर धावणे थांबताच दोन बोटे मनगटावर ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत व त्यांस चारांनी गुणावे. ह्या रीतीने मूल आपल्या शरीराशी परिचित होते, व वर्गात शिकविलेले त्रैराशिक त्यास मैदानावर उपयोगी पडते.

आता एका सापळ्याविषयी पालकांस स्पष्टपणे सावध करणे आम्हांस अगत्याचे वाटते. बाजारात हजार-दोन हजारांत मिळणारी चकचकीत स्मार्ट घड्याळे पुष्कळ आली आहेत. त्यांच्या डबीवर पोहणाऱ्या व धावणाऱ्या माणसांची चित्रे असतात व 'शंभर खेळ' असेही छापलेले असते. ह्यांपैकी पुष्कळांत उपग्रहाचा संदेश घेणारे स्वतःचे यंत्र नसते. ती एकतर खिशातील मोबाइलवर अवलंबून असतात किंवा हाताच्या हेलकाव्यांवरून पावलांचा अंदाज बांधतात. आता पोहताना मोबाइल कोठे ठेवणार? आणि सायकलवर हात मुठीस घट्ट धरलेले असता हेलकावा कोठून येणार? म्हणजे तीन खेळांपैकी दोहोंत ते घड्याळ आंधळे. अशा घड्याळापेक्षा वर सांगितलेले साधे घड्याळ शतपटीने बरे, कारण ते जे सांगते ते खरे सांगते. मुलास खोटे आकडे देणारे यंत्र त्यास खोटा अभिमान किंवा खोटी निराशा देते.

ज्या विद्यार्थ्याने वर्षभर नियमाने सराव केला, वही ठेविली व एखादी शर्यत पुरी केली, त्याच्या घरी ऐपत असल्यास खरे मल्टिस्पोर्ट घड्याळ घेण्यास आमची हरकत नाही. मात्र घेताना चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : पोहणे, सायकल व धावणे हे तिन्ही टप्पे एकाच नोंदीत, एका बटणासरशी, एकामागून एक घेण्याची सोय त्यात आहे काय? हिलाच ट्रायथलॉन किंवा मल्टिस्पोर्ट मोड म्हणतात. नामांकित कंपनीच्या प्रत्येक घड्याळात ती असतेच असे नाही. गार्मिन कंपनीचे २०२१ चे फोररनर ५५ व २०२४ चे फोररनर १६५ ही धावणाऱ्यांसाठी चांगली घड्याळे असूनही ती सोय न देता विक्रीस आली. त्याच कंपनीच्या २०२२ च्या फोररनर २५५ मध्ये ती आहे. कोरोस कंपनीच्या २०२० च्या पेस २ व २०२३ च्या पेस ३ मध्येही ती आहे. पेस २ अमेरिकेत निघाले तेव्हा त्याची किंमत २०० डॉलर, तर फोररनर २५५ ची ३५० डॉलर होती; म्हणजे हवी ती सोय नेहमी महागातल्याच घड्याळात सापडते असे नाही. नवे नमुने वरचेवर निघतात व जुने बंद पडतात, यास्तव ही नावे घोकून ठेवू नयेत. लक्षण तेवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न : बटणे आहेत की केवळ काचेवर बोट फिरवावे लागते? ओल्या व घामेजलेल्या बोटास काच नेहमीच दाद देते असे नाही. बटणांचे घड्याळ घ्यावे.

तिसरा प्रश्न : उपग्रहाची नोंद चालू असता विद्युत्संचय किती तास टिकतो, आणि घड्याळ बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल? लहान शर्यतीस दोन-तीन तास पुष्कळ झाले. त्यासाठी आठवडाभर चालणाऱ्या संचयाचे जादा दाम देण्याचे कारण नाही. हातचे जुने घड्याळ घेणाऱ्याने तर हा प्रश्न दोनदा विचारावा, कारण ह्या घड्याळांतील बॅटरी कालांतराने क्षीण होते व ती घड्याळजीकडे साध्या सेलासारखी बदलता येत नाही.

चौथा प्रश्न : मोबाइलवाचून त्याचे किती अडते? धडगावच्या डोंगरांत मोबाइलचा संदेश पोचत नाही म्हणून घड्याळ चालणार नाही, ही भीती निराधार आहे. अंतराची मोजणी उपग्रहाच्या संदेशावर होते, मोबाइलच्या मनोऱ्यावर नव्हे. परंतु काही घड्याळे प्रथम चालू करण्यास व नोंदी पाहण्यास मोबाइल मागतात. घरात तसा मोबाइल नसेल तर आणखी एक खर्च अंगावर येतो, हे आधीच जाणावे.

भारी घड्याळही सर्वज्ञ नसते. उपग्रहाचा संदेश पाण्यातून जात नाही. हात पाण्याबाहेर येतो तेवढ्या क्षणापुरताच तो मिळतो, म्हणून नदी-समुद्रातील अंतर अदमासेच समजावे. चांदसैलीसारख्या घाटात, खोल दरीत व दाट झाडीखालीही आकडा हेलकावतो. मनगटावरील हिरव्या प्रकाशाने नाडी मोजण्याची युक्ती पाण्यात व हातास हिसके बसत असता पुष्कळदा चुकते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, कोणतेही घड्याळ बुडत्यास हात देत नाही. प्रकाशे व सारंगखेडे येथील बंधाऱ्यांमुळे तापीचे पाणी वरून संथ दिसते. पण त्याची खोली व ओढ काठावरून कळत नाही. घड्याळात अंतर भरावयाचे म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याने एकट्याने नदीत, धरणात किंवा विहिरीत उतरू नये, आणि बंधाऱ्याच्या दारांजवळ तर सोबत असतानाही जाऊ नये. पोहण्याचा सराव जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावा. तसेच आमच्याकडील वैशाखाचे ऊन चाळिसाच्या वर जाते. त्या दिवसांत धावणे सूर्योदयापूर्वीच आटोपावे. डोके गरगरू लागले असता घड्याळ 'आणखी एक किलोमीटर' म्हणत असेल, तर डोक्याचे ऐकावे.

शेवटी एक सूचना शाळाचालकांच्या व पालकसभेच्या विचारार्थ मांडतो. क्रिकेटची बॅट, फुटबॉल व नकाशे शाळेचे असतात. प्रत्येक मुलाने आपापला नकाशा आणावा असे आम्ही म्हणत नाही. मग घड्याळाने काय पाप केले आहे? शाळेने फेऱ्यांची नोंद ठेवणारी पाचसहा साधी घड्याळे घ्यावीत, आणि पैसा जमल्यास पुढे एक मल्टिस्पोर्ट घड्याळ घ्यावे. ती व्यायामशिक्षकांच्या ताब्यात राहावीत, नोंदवहीत सही करून सरावापुरती द्यावीत व परत घ्यावीत. एका भारी घड्याळाच्या किमतीत एक मुलगा सजविण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत साऱ्या चमूच्या हाती वेळ देणे अधिक न्यायाचे होईल. ऊसतोडीहून चार महिन्यांनी परत आलेल्या मुलासही मग मैदानावर येताना आपल्या रित्या मनगटाची लाज वाटणार नाही.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने घड्याळ मागितले तर रागावू नये. त्याच्यापुढे एक वही ठेवावी. तारीख, अंतर, वेळ, झोप व थकवा अशी पाच घरे तीत आखून द्यावीत. ती वही सहा महिने भरली तर साधे घड्याळ अवश्य द्यावे. वर्षभर भरली व एक शर्यत पुरी झाली तर, ऐपतीप्रमाणे, पुढचा विचार करावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, वही भरली नाही, तर घड्याळावाचून काही अडले नव्हते हे तुम्हांस आपोआप कळेल व घरचे पैसेही वाचतील. पहिल्या महिन्याचा सराव कोणत्याही घड्याळाविना आरंभिता येतो. उद्या पहाटे उठा, धावपट्टीच्या चार फेऱ्या सारख्या गतीने मारा, आणि त्या वहीत लिहा.